दाराखालची बोटं

आपली मुलगी गावात येतेय हे इटा क्रौलीला खाटकाच्या दुकानाच्या काचेवर कळलं. काचेच्या आत सॉसेजच्या माळा लोंबत होत्या, आणि त्यांच्यापुढे, दोन कोपऱ्यांत चिकटपट्टी लावून, पिवळ्या कागदाचं पोस्टर. रोपवॉक नाट्यगृहाला पन्नास वर्षं. या रंगमंचावर लहानाच्या मोठ्या झालेल्या कलाकारांचा सत्कार. रविवारी दुपारी, नंतर चहापान. खाली मुलांचे फोटो ओळीनं, आणि त्यांतली एक डर्व्हला. दहा वर्षांची, डोक्यावर कागदी मुकुट, ओठ घट्ट मिटलेले. फोटोखाली लिहिलं होतं, खास टोरांटोहून. मुकुट वाकडा बसलाय, हा इटाच्या मनात आलेला पहिला विचार. त्यानंतर थोड्या वेळानं, पाय भिजल्याचं उशिरा कळावं तसं, बाकीचं कळलं. ती येणार होती. खाटकाला माहीत होतं, कागद छापणाऱ्याला माहीत होतं, आणि या उतारावरून पाव आणायला येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं.

"पाहिलंस ना?" गल्ल्यावरची बर्नी ओरडली. बर्नी इटाच्या शेजारच्याच घरात राहायची, आणि तिच्यापासून काही लपवायचं तर कॉर्क शहर सोडून जावं लागलं असतं. "आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस! पक्की आहेस हं तू."

"त्यात काय सांगायचं?"

"ऐका! लेक सातासमुद्रापलीकडून येतेय आणि म्हणे काय सांगायचं. उतरणार तुझ्याकडंच ना?"

"मग काय रस्त्यावर उतरेल?" इटा म्हणाली. तोंडातून निघून गेलं. तिच्या तोंडाचं आयुष्यभर हेच होतं, ते तिच्याआधी दोन पावलं चालायचं.

"मग दोन चॉप जास्त घे. तिकडं काय मिळतंय बिचारीला, बर्फ आणि हरणं."

इटानं चॉप घेतले आणि चढ चढायला लागली. पाऊस नव्हता, पण हवेत नदीचा ओलावा होता आणि दारूभट्टीकडून भाजल्या धान्याचा वास येत होता. तिच्या मनात राग नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, त्याला धरून चालता तरी आलं असतं. तिला नुसती लाज वाटत होती. उघड्या माळावर कुणीतरी अंगावरचा कोट काढून न्यावा तशी. भांडण म्हणावं तर कधी झालंच नव्हतं. बर्नी आणि तिच्या मुलाचं झालं होतं, ताटं फुटली होती, पोलीस आला होता, आणि आता तो मुलगा दर शुक्रवारी आईकडे मासे खायला येतो. इटा आणि डर्व्हलाचं काहीच फुटलं नव्हतं. साबण झिजावा तसं झिजलं होतं. आधी आठवड्याचा फोन महिन्याचा झाला, मग नाताळचं कार्ड, मग कार्डात नुसती सही. डोनलच्या, तिच्या बापाच्या, अंत्यविधीला ती आली होती. काळ्या कोटात उभी राहून सगळ्यांशी हात मिळवले, आणि हॉटेलवर झोपायला गेली. इटानं तेव्हा दारात म्हटलं होतं, "त्या कोटाचं खालचं बटण तुटलंय." म्हणायचं होतं, राहा ना. पण बटण दिसलं.

नेहमी बटणच दिसायचं. रोपवॉकच्या त्या शेडमध्ये, जिथे पूर्वी दोरखंड वळायचे आणि नंतर टूमीबाईंनी मुलांची नाटकं सुरू केली, तिथे मागच्या बाकावर बसून इटा आपल्या पोरीकडे पाहायची तेव्हा तिचं सगळं अंग आवळलेलं असायचं. पोरीचं वाक्य येण्याआधी हिचे ओठ हलायचे. पोरगी एक पाऊल चुकली की हिचा पाय बाकाखाली सरकायचा. ते इतकं असह्य असायचं की घरी जाताना बसमध्ये ते कुठेतरी ओतावंच लागायचं, आणि ओतलं की त्यातून यायचं, "हात कुठं ठेवायचे कळत नव्हतं तुला." "शेवटचं वाक्य खाल्लंस." "लोकांकडं पाठ केलीस." पोरगी बसच्या काचेला कपाळ लावून बसायची. काचेवर तिच्या श्वासाचा एक गोल उमटायचा, लहान व्हायचा, पुन्हा उमटायचा. कौतुकानं पोर नासतं, असं इटाची आई म्हणायची, आणि आईच्या आईनंही म्हटलं असेल. त्या घराण्यात कुणी नासलं नव्हतं.

तिनं मागची खोली झाडली. उशीला नवा अभ्रा घातला आणि मग आपण हे कुणासाठी करतोय असं वाटून पलंगाच्या काठावर बसून राहिली. तो आठवडाभर फोन वाजला की ती लगेच उचलायची नाही, उतावीळ दिसू नये म्हणून. एकदा विजेच्या कंपनीचा होता, एकदा चुकून लागलेला. शनिवारी तिनं दोन्ही चॉप तळले आणि स्वतःच खाल्ले, उभ्यानं, ओट्यापाशी.

रविवारी दुपारी शेड भरून गेली होती. ओल्या कोटांचा, धुळीचा आणि ताज्या रंगाचा वास तोच होता. वास कसे म्हातारे होत नाहीत, असं इटाला वाटलं. ती मागच्या बाकावर आपल्या जुन्या जागी बसायला निघाली, पण बर्नीनं तिचा दंड धरला. "आईनं मागं बसायचं? लाज वाटते का लेकीची? चल पुढं." आणि "ही डर्व्हलाची आई, जरा सरका" करत तिनं इटाला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. शेजारी चाकांच्या खुर्चीत टूमीबाई होत्या. केवढ्याशा झाल्या होत्या. गुडघ्यांवर चौकड्याची शाल, आणि चेहऱ्यावर दारातल्या पाहुण्याला ओळखलं नाही तरी या म्हणणाऱ्याचं हसू. इटानं त्यांना नमस्कारादाखल मान लववली. त्यांनीही लववली. त्या पलीकडच्या खांबाकडे पाहूनही तशीच मान लववत होत्या.

एकेक जण रंगमंचावर येत होता. टक्कल पडलेला एक माणूस बेडकाची भूमिका केल्याचं सांगून बेडकासारखा ओरडला, लोक पोट धरून हसले. मग डर्व्हला आली. केस आखूड, निम्मे पांढरे. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. ती चालत पुढे आली आणि इटाला तिच्या चालण्यात डोनल दिसला, डावा खांदा किंचित पुढे टाकून चालणारा. डर्व्हलानं पहिल्या रांगेवर नजर फिरवली. ती नजर इटापाशी आली, थबकली, आणि तिनं मान हलवली, बसमधून उतरताना आपण ड्रायव्हरला हलवतो तशी. मग बोलायला लागली.

"मी दहा वर्षांची होते," ती म्हणाली, "आणि माझं पहिलं मोठं काम होतं. छोटा राजा. नाटकाला थोडाच वेळ राहिला होता आणि मी मागच्या अंगणातल्या संडासात कडी लावून बसले होते. जुनं दार होतं ते, खाली वीतभर फट असलेलं. मला उलटी झाली होती, सगळा अंगरखा भरला होता, आणि मी ठरवलं होतं की आता इथून बाहेर पडायचं नाही. मरेपर्यंत. दहाव्या वर्षी मरण फार लांब नसतं." लोक हसले. "मग बाहेर कुणीतरी येऊन बसलं. फरशीवर, पाण्यात. आणि दाराखालून चार बोटं आत आली. बस. एक शब्द नाही. आमच्या घरात, सांगते तुम्हाला, शब्दांची कधी टंचाई नव्हती." पुन्हा हसू. बर्नीनं मागच्या रांगेतून इटाला पाठीत ढोसलं, "तुझंच चाललंय!" आणि इटाही हसली, दात दाखवून, सगळ्यांना दिसेल असं. "मी ती बोटं धरली. किती वेळ ते माहीत नाही. मी ती उलटसुलट करून पाहिली, दाबली, एकदा चावलीसुद्धा. ती हलली नाहीत. मग मला श्वास घेता आला. मी दार उघडलं, तर समोर टूमीबाई. त्यांनी मला पुढं उभं राहायला शिकवलं, आवाज टाकायला शिकवलं, ते सगळं खरंच आहे. पण मी इतक्या लांबून आले ती त्या बोटांसाठी. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ती रुसून दार लावून बसली की मी बाहेर फरशीवर बसते आणि फटीतून बोटं आत घालते. काही बोलत नाही. हे मी इथं शिकले. बाई, तुमच्याकडून."

टाळ्या पडल्या. माणसं उठून उभी राहिली. टूमीबाईंनी हसून दोन्ही हात वर केले, कुणाचा तरी चेंडू झेलायला करतात तसे. इटा उभी राहिली की बसून राहिली हे तिला नंतर आठवेना. तिच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर पडली होती, गाठाळलेली, आणि ती त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाची असल्यासारखी पाहत होती. तर्जनीवर तेव्हा दातांचे व्रण उठले होते, आठवडाभर टिकले होते. बेकरीत कणीक मळताना ते दुखायचे आणि तिला बरं वाटायचं.

ती कामावरून तडक आली होती तेव्हा. बाह्यांवर पीठ होतं. पोरगी सापडत नाही म्हणून मुलं धावत होती, आणि ती अंगणात गेली तर दाराआडून ओकारीनंतरचे कोरडे हुंदके ऐकू आले. तिनं तोंड उघडलं होतं. जिभेवर वाक्य आलंही होतं, आता हे काय नवीन नाटक, आणि त्या क्षणी, उभ्या जन्मात त्या एकाच क्षणी, तिला ते वाक्य तोंडाबाहेर पडायच्या आधी दिसलं. तिनं ते गिळलं. बोलले तर वाईटच निघेल, असं तिला स्वच्छ कळलं, म्हणून ती खाली बसली. पाणी स्कर्टमधून आत आलं, गार. बोटं आत घातल्यावर पलीकडून त्या चिमुकल्या, चिकट, तापलेल्या हातानं ती पकडली, आणि इटाला असं वाटलं की आपण आतापर्यंत जे जे करायला गेलो ते हेच करायला गेलो होतो. मग शेडमधून घंटा झाली. अंगणात टूमीबाईंच्या टाचा वाजल्या. आणि इटा घाईनं बोटं सोडवून उठली, कारण तिचा स्कर्ट मागून ओला झाला होता आणि बाईंसमोर तसं दिसणं तिला बरं वाटेना. एवढंच कारण. कोळशाच्या खोलीच्या आड ती उभी राहिली. बाई दारापाशी येऊन "चल राजा, वेळ झाली" म्हणाल्या, दार उघडलं, आणि पोरीनं बाईंच्या कमरेला मिठी मारली.

इटानं ते पाहिलं होतं. पण त्याचा असा अर्थ असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिला वाटलं होतं, पोरीला माहीत आहे. आईची बोटं कळत नाहीत का? बसमध्ये तिनं पुन्हा चुका काढल्या, पुढची सगळी वर्षं काढल्या, पण त्या सगळ्याच्या तळाशी, घराच्या पायाखाली दगड असतो तसं, हे एक आहे आणि ते दोघींना माहीत आहे, असंच ती धरून चालली होती. फोन थांबले तेव्हाही. कार्डात नुसती सही आली तेव्हाही. बोलायची गरज नव्हती, कारण ते न बोलण्याचंच होतं. आणि आता कळत होतं की तिथे दगड कधी नव्हताच. तिनं एकटीनंच त्यावर घर बांधलं होतं.

चहाच्या टेबलाशी गर्दी होती. मनुक्यांच्या पावाचे काप, हॅम घातलेली सँडविचं, मोठ्या किटलीची वाफ. डर्व्हला कोटांच्या खुंट्यांपाशी एकटी सापडली.

"आलीस," डर्व्हला म्हणाली.

"आले."

"बरी आहेस?"

"गुडघे धरतात. हॉटेल बरं आहे ना?"

"नदीकाठी आहे. छान आहे." ती कपातल्या चहाकडे पाहत होती. "कळवणार होते मी, आई. पण उद्या सकाळीच विमान आहे."

"असू दे. असू दे." इटानं घोट घेतला. चहा फार कडक झाला होता, आणि तसं न म्हणायला तिला जोर लावावा लागला. "छान बोललीस."

डर्व्हलानं मान वर केली. ती वाट पाहत होती. इटाला ती वाट ओळखू आली, बसच्या काचेला कपाळ लावून पाहिलेली.

"आणि?" डर्व्हला म्हणाली. "काढ ना. चूक नाही काढायची?"

"एक आहे," इटा म्हणाली.

दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगावं हे तिला खरंच माहीत नव्हतं. डर्व्हलाच्या ओठांवर हसू आलं, दमलेलं.

"ती बोटं टूमीबाईंची नव्हती."

"मग कुणाची?"

इटानं हात पुढे केला. बशी धरलेल्या हाताखालून, ओशाळल्यासारखा, भीक मागायला करावा तसा.

"तुझी?" डर्व्हला हसली. "आई, तू? आणि गप्प बसलीस? इतका वेळ?"

"बसले."

"त्या बोटांत अंगठी नव्हती. मी बघितली होती ना फिरवून फिरवून. तुझ्या बोटातून अंगठी कधी निघत नव्हती."

"कामावर काढायचे. कणकेत जाते म्हणून. कोटाच्या खिशात होती. तू चावलीस ते इथं." तिनं तर्जनी दाखवली. तिथे अर्थातच काही नव्हतं. सुरकुत्या होत्या.

डर्व्हलानं त्या बोटाकडे पाहिलं. चहाच्या टेबलाकडे बर्नी कुणाला तरी मोठमोठ्यानं काही सांगत होती, आणि तो बेडूकवाला पुन्हा ओरडून दाखवत होता. इटाला आपल्या मुलीचा चेहरा कळत गेला. त्यावर अविश्वास होता, मग हिशेब जुळतोय असं काही आलं, मग तिनं ओठ घट्ट मिटले. तिला पटलं, इटाला दिसलं. क्षणभर ते तिथे होतं, दोघींच्या मध्ये, इटानं नेहमी मानलं होतं तसं.

"नको, आई," डर्व्हला म्हणाली.

"काय नको?"

"हे एक राहू दे माझ्याकडं." तिचा आवाज खाली आला होता, पण कापत नव्हता. "असशील. तू असशीलही. पण मी सगळं त्याच्यावर उभं केलंय, कळतंय का तुला? की आपल्या घराबाहेर, तुझ्याबाहेर, कुणीतरी मला एकदा असं धरलं होतं. म्हणून मी जाऊ शकले. ती तूच होतीस म्हटलं तर मी कुठून कुठं गेले? आणि मग बाकीचं सगळं... बाकीचं का? तुला येत होतं तर बाकीच्या वेळी का नाही?"

इटानं पुढे केलेला हात मागे घेऊन बशीला लावला.

"डर्व्हला! फोटो!" कुणीतरी हाक मारली. "सगळे राजे-राण्या इकडे!"

"आले," ती म्हणाली. तिनं कप खिडकीत ठेवला, इटाच्या बाहीला हात लावला, कापड कसलं आहे पाहावं तितकाच, आणि गेली. फोटोत ती हसत उभी राहिली. हात कुठे ठेवायचे ते तिला नीट कळत होतं.

लोक पांगायला लागले. बर्नी पावाचे उरलेले काप रुमालात बांधून घेत होती आणि "तू लेकीबरोबर जाशील ना, मी निघते" म्हणून निघूनही गेली. डर्व्हला तिच्या जुन्या सोबत्यांच्या घोळक्यात दाराबाहेर पडली, बाहेर मोटारींची दारं वाजली, कुणीतरी हसलं, ते तिचं हसणं होतं की नाही हे इटाला ओळखता आलं नाही. इटा आपला कोट घ्यायला वळली तर टूमीबाईंची खुर्ची तिथेच होती. त्यांची भाची गाडी आणायला गेली होती.

"तुम्ही कोण हो?" बाईंनी विचारलं.

"इटा. इटा क्रौली. माझी मुलगी होती तुमच्याकडं."

"पुष्कळ होत्या मुली." बाई हसल्या. मग त्यांनी मान जवळ आणली. "एक विचारू का? मघाशी ती बाई बोलली, दाराची गोष्ट. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून मी काही बोलले नाही. पण मला नाही आठवत. मी खरंच बसले होते का तिथं?"

इटानं त्यांच्याकडे पाहिलं. डोळे पाण्यासारखे स्वच्छ होते, मागे काही नसलेले.

"बसला होतात," ती म्हणाली.

"फरशीवर?"

"हो. ओली होती फरशी. तुमचा स्कर्ट मागून भिजला होता."

"अगं बाई! गार वाटलं असेल मला."

"वाटलं. पण तुम्ही उठला नाहीत."

"आणि मी काय म्हणाले तिला?"

"काही नाही. तुमच्या मनात आलं होतं काहीतरी. पण तुम्ही ते गिळलंत."

"का बरं?"

"वाईट निघेल म्हणून."

बाईंनी विचार केला. त्यांना ते आवडलेलं दिसलं. "आणि तिनं माझा हात धरला."

"घट्ट. चावली तुम्हाला. इथं." इटानं त्यांची तर्जनी हातात घेऊन जागा दाखवली. ते बोट हलकं होतं, वाळल्या काडीसारखं. "बरेच दिवस दुखत होतं. तुम्हाला बरं वाटायचं."

"मग मी चांगली होते म्हणायची," टूमीबाई म्हणाल्या.

"चांगल्या होता, बाई."

भाची आली, इटाचे आभार मानून तिनं खुर्ची ढकलत नेली. बाई जाताना तर्जनीकडे पाहत होत्या. शेडमध्ये कुणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं. इटा कोटात हात घालून उभी राहिली आणि तिनं ते अंगण पुन्हा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. ते आलं. जुनं दार, खालची फट, पाणी. आणि दारापाशी फरशीवर तपकिरी स्कर्ट पसरून टूमीबाई बसलेल्या, मान खाली, बोटं आत घातलेली. ती स्वतःला शोधू लागली. तिनं कोळशाच्या खोलीच्या आड पाहिलं. तिथेही कुणी नव्हतं.